उत्तम रस्सा, शिवराळ गल्ला : कोल्हापुरातील एका खानावळीचा अनुभव

कोल्हापूरच्या जुन्या पेठांपैकी एका पेठेत, मुख्य रस्त्यापासून थोडी आत असलेल्या या मटण खानावळीचे जेवण उत्तम आहे. हे मी सुरुवातीलाच स्पष्ट लिहिते, कारण पुढे जी तक्रार मांडणार आहे तिचा स्वयंपाकाशी काही संबंध नाही. तक्रार आहे ती जेवताना कानांवर पडणाऱ्या शिव्यांची, त्यांनी जेवणाऱ्या माणसांच्या मनःस्थितीवर होणाऱ्या परिणामाची, आणि आपण ग्राहक हे सारे ‘इकडची पद्धतच आहे’ म्हणून खपवून घेतो त्याची. खानावळीचे नाव मुद्दाम देत नाही. नाव दिले तर गल्ल्यावरचा राग पुन्हा वाढप्यांवरच निघेल, हे तिथे बसून पाहिल्यावर मला पुरते कळले आहे.

आधी जेवणाविषयी. थाळी ३५० रुपयांना आहे आणि तांबडा-पांढरा हवा तितका मिळतो. पांढरा रस्सा करताना पुष्कळ ठिकाणी काजूची पेस्ट भरमसाट घालून तो खिरीसारखा दाट करतात. येथे तसे नाही. मटण शिजवलेल्या अळणी पाण्याची चव आधी लागते, मग नारळाच्या दुधाचा गोडवा, आणि शेवटी घशाशी मिरी-दालचिनीची ऊब. तांबडा रस्सा घरी कुटलेल्या कांदा-लसूण चटणीचा आहे, वर तवंग बेताचा, आणि भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा खमंगपणा शेवटच्या घोटापर्यंत टिकणारा. सुके मटण हाडासकट, मऊ शिजलेले, मसाला अंगाला धरून राहिलेले. भाकरी ज्वारीची. ती मागच्या बाजूला दोन बायका थापत असतात आणि तव्यावरून थेट ताटात येते, त्यामुळे पापुद्रा फोडला की वाफ बाहेर पडते. दही-कांदा ताजा, टेबल स्वच्छ, पाणी गार. इतके सगळे जमून आलेल्या खानावळी कोल्हापुरातही मोजक्याच असतील.

आता गल्ल्याविषयी. या खानावळीची रचना अशी आहे की गल्ला बैठकीच्या खोलीत आहे आणि भटारखान्याचे दार त्याच्या अगदी पाठीशी. मालक तिथे बसून दोन्हींकडे लक्ष ठेवतात. दुपारी एक वाजता गर्दी चढू लागली की त्यांचा आवाजही चढतो. भाकरीला उशीर झाला, दोन नंबरच्या टेबलावरची थाळी चार नंबरवर गेली, कोणाच्या हातून वाटी पडली, पार्सलची पिशवी चुकीच्या माणसाला दिली, अशा प्रत्येक प्रसंगी त्या त्या पोराला आईवरून किंवा बहिणीवरून शिवी दिली जाते. ती कुजबुजून दिली जात नाही. सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात, पंधरा टेबलांवरून, लहान मुले आणि म्हातारी माणसे जेवत असताना दिली जाते. त्या शिव्या मी येथे लिहिणार नाही. त्या लिहिल्याशिवायही प्रत्येक मराठी वाचकाला कळतील अशाच आहेत.

सगळ्यांत बोचते ते असे की मालक ग्राहकांशी अतिशय आदबीने बोलतात. आम्ही दारात उभे असतानाच त्यांनी “या वैनी, बसा, पंख्याखाली जागा हाय” म्हणून हाताने टेबल दाखवले, माझ्या सासऱ्यांना पायरीची सूचना दिली, मुलीसाठी कमी तिखट करून देऊ का असे विचारले. आणि हे वाक्य पुरे होते न होते तोच त्याच तोंडून, मान फक्त तेवढी भटारखान्याकडे वळवून, टेबल पुसायला उशीर करणाऱ्या मुलासाठी अशी शिवी निघाली की सासऱ्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर क्षणभर तसाच राहिला. त्यानंतर त्यांचे ‘वैनी’ आणि ‘साहेब’ मला पूर्वीसारखे ऐकू येईना. आपल्याला मिळणारा मान आपण बिल देणार म्हणून मिळतो आहे, आणि ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्या वाट्याला दुसरा आवाज येतो, हे एकदा कानांनी ऐकल्यावर पहिल्या आवाजावर विश्वास ठेवता येत नाही.

हे केवळ माझे हळवेपण असावे असे कोणी म्हणेल, म्हणून सांगते. क्रिस्टीन पोरॅथ, डेबोरा मॅकइनिस आणि व्हॅलरी फोक्स या तीन अमेरिकन संशोधकांनी २०१० साली नेमक्या याच प्रश्नावर अभ्यास प्रसिद्ध केला. दुकानात किंवा हॉटेलात एक कर्मचारी दुसऱ्या कर्मचाऱ्याशी उद्धटपणे वागताना ग्राहकाने पाहिले, म्हणजे स्वतः ग्राहकाला कोणी काही बोलले नाही, तरी काय होते, हे त्यांनी तपासले. असे दिसले की ग्राहकाला राग येतो आणि तो राग त्या एका प्रसंगापुरता राहत नाही. तिथली इतर माणसे, ते सगळे दुकान, पुढच्या वेळी तिथे येणारा अनुभव, या सगळ्यांविषयी ग्राहक वाईट मत बनवून मोकळा होतो. त्या दुपारी आमच्या टेबलावर हेच घडले. रस्सा तोच होता, पण घरी जाताना गाडीत आमच्यापैकी कोणी रश्शाविषयी बोलले नाही.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. पहिल्या शिवीला तिने वर पाहिले, दुसरीला ताटात पाहिले, आणि तिसरीनंतर माझ्या कानाशी येऊन विचारले, “आई, ते आपल्याला ओरडले का?” मी नाही म्हणून सांगितले. ओरडणे आपल्यासाठी नव्हते हे तिला पटलेही, पण त्यानंतर ती भाकरीचे तुकडे करून ताटाच्या कडेला रचत राहिली आणि खाल्ले मात्र काही नाही. मुलांच्या बाबतीत मला हे पुन्हा पुन्हा दिसते. आवाजातला राग त्यांना आधी कळतो आणि तो कोणावर आहे ते नंतर कळते, आणि मधल्या त्या वेळात मूल तो स्वतःवरच घेते. मोठ्यांचे वेगळे काही होत नसावे. फरक इतकाच की आपण विचारत नाही, चेहरा सावरून “वाढा की अजून थोडा पांढरा” म्हणतो.

शरीराचे उत्तर तर चेहऱ्याइतकेही सावरता येत नाही. शिवी ऐकली की बोटांच्या कातडीवर किंचित घाम येतो आणि तो विजेच्या उपकरणाने मोजता येतो; या मापनावर मानसशास्त्रात पुष्कळ काम झाले आहे. २००३ साली कॅथरिन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टनमधील, तुर्की मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजी नंतर शिकलेल्या माणसांना दोन्ही भाषांतले शब्द दाखवले व ऐकवले. निषिद्ध शब्दांना आणि लहानपणी ऐकलेल्या दरडावणीच्या वाक्यांना त्यांच्या अंगाने दिलेला प्रतिसाद मातृभाषेत अधिक तीव्र होता. मला हे वाचून अजिबात नवल वाटले नाही. इंग्रजी मालिका पाहताना दर वाक्याला येणारी शिवी आपल्या घरात कोणाच्या लक्षातही येत नाही, चहा पिता पिता ती कानाआड जाते. तीच गोष्ट मराठीत, खऱ्या माणसाने, चार हातांवरून, खऱ्या माणसाला उद्देशून म्हटली की घास तोंडात फिरू लागतो. लहानपणी ज्या भाषेत आपण रागावून घेतले त्या भाषेतली शिवी आपल्याला सरळ त्या वयात नेऊन उभी करते. कोल्हापुरात बसून मराठी शिवी ऐकणाऱ्या मराठी माणसाला, ती दुसऱ्यासाठी आहे म्हणून, कोणतेच कवच मिळत नाही.

तिथे बसून मी आणखी एक गोष्ट पाहिली, आणि ती मालकांच्या धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. आमच्या टेबलावर वाढणारा मुलगा वीस-एकवीस वर्षांचा, चपळ, हसतमुख. पहिल्या वेळी त्याने न विचारता सासऱ्यांची वाटी भरली, मुलीची अर्धीच भरली, माझ्या ताटात कांदा संपलेला पाहून स्वतःहून आणला. मग कुठले तरी पार्सल चुकल्यावरून त्याला सर्वांदेखत शिवी बसली. तो परत आला तेव्हा डाव्या हातात रश्शाचे भांडे होते आणि पळी वाटीच्या कडेवर टकटक वाजत होती, इतका हात थरथरत होता. त्याने सासऱ्यांच्या पांढऱ्या रश्शाच्या वाटीत तांबडा ओतला. चूक लक्षात येताच त्याने आधी गल्ल्याकडे पाहिले, आमच्याकडे नंतर. सासरे हळूच म्हणाले, “असू दे बाळ, मला दोन्ही चालतात.” त्यानंतर त्याने भाकरी किती आणायच्या हे दोनदा विचारले आणि तरी एक कमी आणली. शेजारच्या टेबलावर वाढणारा दुसरा मुलगाही, ज्याला कोणी काही बोलले नव्हते, त्याच सुमारास पाणी द्यायचे विसरला.

हे योगायोगाने झाले असे मला वाटत नाही. पोरॅथ आणि आमिर एरेझ यांनी २००९ साली दाखवले की दुसऱ्याचा अपमान नुसता पाहणाऱ्या माणसाचीही कामगिरी घसरते. शब्दकोडी सोडवणे असो की नव्या कल्पना सुचवणे असो, पाहणारा मागे पडतो. २०१५ साली इस्राएलमध्ये नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागांत काम करणाऱ्या २४ वैद्यकीय पथकांवर असाच प्रयोग झाला. सरावाच्या प्रसंगात एका पाहुण्या तज्ज्ञाने काही पथकांसमोर सौम्य तुच्छतेचे शेरे मारले, शिव्या वगैरे काही नाही, तरी त्या पथकांचे निदान आणि प्रत्यक्ष उपचार दोन्ही निकृष्ट ठरले. प्रशिक्षित डॉक्टर आणि परिचारिका जर नुसत्या शेऱ्याने चुकत असतील, तर भर गर्दीत चार ताटे हातांवर तोलणाऱ्या मुलाकडून, आईवरून शिवी खाल्ल्यानंतर, टेबलाचा क्रमांक लक्षात राहावा ही अपेक्षा कशी धरायची? येथे चुकीवरून शिवी, शिवीमुळे पुढची चूक, आणि त्या चुकीवरून आणखी मोठी शिवी असे चक्र दुपारभर फिरत असते. मालकांना मात्र त्यात पोरांचा आळस दिसतो.

आता कोल्हापूरकरांचा आक्षेप, जो मी स्वतः कोल्हापूरच्या सासरची असल्यामुळे अनेक वर्षे ऐकत आले आहे आणि ज्यात बरेच तथ्य आहे. ते म्हणतात की आमच्याकडे शिवी ही प्रेमाची भाषा आहे. रंकाळ्यावर दोन मित्र फार दिवसांनी भेटले तर पहिला शब्द ‘कसा आहेस’ हा नसतो. जिवाभावाच्या माणसाशी अदबीने बोलणे येथे परकेपणाचे लक्षण मानतात. हे मी नाकारत नाही. त्याच दुपारी पलीकडच्या टेबलावर पाच-सहा तरुण बसले होते, बहुधा तालमीतले, आणि एकमेकांना मनसोक्त शिव्या देत रस्सा ओरपत होते. त्यांच्या शिव्या मालकांच्या शिव्यांपेक्षा सौम्य नव्हत्या. तरी त्यांचा त्रास आमच्यापैकी कोणालाही झाला नाही, मुलीने तिकडे मान वर करूनसुद्धा पाहिले नाही, कारण एकाने शिवी दिली की दुसरा दुप्पट देत होता आणि सगळे हसत होते. मालकांच्या शिवीला मात्र त्या टेबलावरचे हसणेही थांबत होते, हे मला फार बोलके वाटले.

शिवी परत देता येते की नाही, यावर ऐकणाऱ्याची मनःस्थिती ठरते असे माझे मत झाले आहे. आपल्याकडच्या परंपरेने तर हे फार नेमके ओळखले होते. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावे आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांतल्या बायका मधल्या ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि वाद्यांच्या गजरात हातवारे करून एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. यालाच बोरीचा बार म्हणतात. बघायला लांबून माणसे येतात, आणि ऐकणारा दुखावून घरी जात नाही, उलट मोकळा होऊन जातो. तिथे दोन्ही काठांवर तोंडे आहेत. दिवस ठरलेला, जागा ठरलेली, आणि दुसऱ्या दिवशी त्या शब्दांचा हिशेब कोणी मागत नाही. शिमग्याच्या बोंबेचेही तसेच. वर्षभर तोंड दाबून असलेल्या माणसाला त्या रात्री मोठ्यांच्या नावानेही बोंब मारता येत असे. या खानावळीत ओढ्याच्या एकाच काठावर आवाज आहे. पलीकडे उभ्या असलेल्या मुलाने जर त्यातला एक शब्द परत केला, तर संध्याकाळपर्यंत त्याचा हिशेब करून त्याला काढून टाकतील.

तालमीचा दाखलाही नेहमी दिला जातो. वस्ताद शिव्या देतात म्हणून पैलवान घडतो, तसेच हे, असे आमच्या शेजारी बसलेले एक वयस्कर गृहस्थ समजुतीच्या स्वरात म्हणाले. वस्तादांविषयी मला आदर आहे. पण वस्ताद ज्याला रागावतात त्याच्या दुधा-बदामाची काळजीही करतात, त्याच्या कुस्तीला फडाच्या कडेला उभे राहतात आणि तो जिंकला की सर्वांआधी त्याला खांद्यावर घेतात. तिथे शिवी एका मोठ्या नात्याच्या आत असते. वाढप्याला येथे आम्ही होतो तेवढ्या वेळात एकही शाबासकी मिळालेली मी ऐकली नाही, तो इतका चांगला वाढत असूनही.

मालकांच्या बाजूनेही विचार करून पाहिला. सकाळपासून उभे असलेले, बोकडाचे भाव, गॅस, गर्दी, रजेवर गेलेली माणसे, हे सगळे एकट्याच्या डोक्यावर घेतलेले ते गृहस्थ आहेत. शिवी दिल्याने देणाऱ्याला खरोखर हलके वाटते, यालाही पुरावा आहे. इंग्लंडमधील कील विद्यापीठाच्या रिचर्ड स्टीफन्स यांनी २००९ साली केलेल्या प्रयोगात बर्फासारख्या थंड पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगितलेल्या विद्यार्थ्यांना, शिवी उच्चारत असताना, हात अधिक वेळ पाण्यात ठेवता आला आणि वेदनाही कमी जाणवली. साधा शब्द उच्चारताना तसे झाले नाही. पण त्याच संशोधकांनी २०११ साली पुढचा भाग दाखवला, तो आपल्याकडे सहसा कोणी सांगत नाही. जे लोक रोजच्या बोलण्यात फार शिव्या देतात त्यांना हा आराम कमी मिळतो. म्हणजे मालकांना सकाळच्या पहिल्या शिवीने जेवढे मोकळे वाटत असेल तेवढे दुपारच्या चाळिसाव्या शिवीने वाटत नसणार, आणि ऐकणाऱ्या नव्या ग्राहकाला मात्र ती चाळिसावी शिवी पहिलीच असते. मी स्वतः पाहिले की शिवी देऊन झाली की मालकांचा चेहरा अर्ध्या मिनिटात निवळत होता, ते पुढच्या माणसाला हसून सुट्टे पैसे देत होते. खोली मात्र त्यांच्याबरोबर निवळत नव्हती. चमच्यांचा आवाज तेवढा राहत होता, बोलणे पुन्हा सुरू व्हायला वेळ लागत होता.

बिल देताना, मागे कोणी उभे नाही असे पाहून, मी हे त्यांच्याशी बोलले. आधी मनापासून जेवणाची स्तुती केली आणि मग म्हटले की मुलगी घाबरून जेवली नाही, पोरांना एवढे लावून बोलू नका. त्यांनी मुळीच राग मानला नाही. त्यांना खरोखर आश्चर्य वाटले. “तुमाला काय म्हटलं व्हय वैनी? ते आमचं घरातलं हाय. असं बोलल्याबिगर पोरं हलत न्हाईत बघा.” एवढे म्हणून त्यांनी मुलीच्या हातावर बडीशेप आणि दोन चॉकलेटे ठेवली. मुलीने ती घेतली आणि माझ्या मागे जाऊन उभी राहिली. बाहेर हात धुण्याच्या जागी तो वाढणारा मुलगा भेटला. त्याला विचारले तर म्हणाला, “सवय झालीया ताई. पगार येळंवर देत्यात, मालक मनानं चांगलं हाईत.” दोघेही मनापासून बोलत होते यात मला शंका नाही. पण ज्याला सवय झाली आहे त्याच्या हातातली पळी वाजत नाही.

या गोष्टीवर कायदा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ नुसार सार्वजनिक ठिकाणी इतरांना त्रास होईल असे अश्लील शब्द उच्चारणे गुन्हा आहे आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. मात्र प्रत्येक शिवी कायद्याच्या अर्थाने अश्लील ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये एका वेबमालिकेच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. पोलिसांत जाण्याचा हा विषय आहे असे मला वाटतही नाही. त्यापेक्षा अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यातल्या सौंदाळा गावाने जे केले ते मला अधिक जवळचे वाटते. त्या गावाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्रामसभेत ठराव करून आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड लावला. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते असे की ज्या बायकांच्या नावाने पुरुष एकमेकांचा अपमान करतात त्या बायकांना ते ऐकावे लागते हीसुद्धा दखल घेण्याजोगी बाब आहे, हे एका गावाने सर्वांसमोर मान्य केले. या खानावळीत भाकऱ्या थापणाऱ्या त्या दोन बायका भटारखान्याच्या दारातच बसलेल्या आहेत. दुपारभर त्यांच्या कानांवर जे पडते त्यात त्यांच्याच वयाच्या कोणाच्या तरी आईचा उल्लेख असतो. त्यांच्यापैकी एकीची मान शिवी आली की पिठाकडे अधिक खाली जात होती. आम्ही तासाभराने उठून गेलो. त्या रोज तिथे असतात.

याशिवाय खानावळ चालत नाही, हे म्हणणे मला मान्य नाही, आणि त्याला कारण आहे. याच शहरात, बस स्थानकाच्या बाजूला, एक बाई आपल्या दोन सुनांबरोबर मटणाची खानावळ चालवतात, तिथे आम्ही बरीच वर्षे जातो. आवाज तिथेही भरपूर आहे. “चार नंबरला पांढरा!”, “भाकरी कुठं अडकली रं?”, “पळ की जरा!” असा पुकारा अखंड चालू असतो, आणि बाईंचा गळा या मालकांपेक्षा मोठा आहे. कोणी चुकले तर त्या त्याला नावाने हाक मारून आत बोलावतात, जे बोलायचे ते आत बोलतात, आणि तो बाहेर येतो तेव्हा पुढचे ताट त्याच्या हातात असते. आतमध्ये त्या काय बोलतात हे मला माहीत नाही आणि ग्राहक म्हणून ते माहीत असण्याची गरजही नाही. मुलांचे तिथे हात थरथरत नाहीत. त्यांचा तांबडा रस्सा या खानावळीच्या रश्शाच्या जवळपासही येत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. तरी पाहुणे आले की आम्ही त्यांना तिकडेच नेतो.

गुण द्यायचे झाले तर स्वयंपाकाला पाचपैकी पाच, स्वच्छतेला चार, वाढप्यांच्या आगत्याला पाच, कारण इतक्या अपमानातही ती मुले ताटातला कांदा संपल्याचे पाहतात. बसून जेवण्याच्या अनुभवाला एक. लहान मुलांना घेऊन, किंवा कोणाचे लग्न ठरवण्याच्या बोलणीसाठी, किंवा नुकतेच दुःख झालेल्या माणसाला दोन घास खाऊ घालावेत म्हणून येथे जाऊ नये. जायचेच असेल तर साडेअकरा-बाराच्या सुमारास जावे. तेव्हा गर्दी नसते, भाकरी पहिल्या तव्याची मिळते आणि गल्ल्यावरचा आवाज अजून खालीच असतो. टेबल निवडायची मुभा असल्यास रस्त्याकडच्या खिडकीजवळचे घ्यावे, भटारखान्याच्या दारासमोरचे टाळावे. जेवण आवडले आणि बाकीचे आवडले नाही, तर दोन्ही गोष्टी मालकांना सांगाव्यात, शांतपणे आणि एकट्यात. ते ऐकून घेतात. माझ्यासारख्या एकटीचे ऐकून ते बदलणार नाहीत, पण आठवड्यात दहा जण तेच म्हणाले तर त्यांना ते गिऱ्हाइकाचे म्हणणे म्हणून ऐकू येईल. आणि वाढणाऱ्या मुलाचे नाव विचारून त्या नावाने त्याला शाबासकी द्यावी, शक्यतो गल्ल्याला ऐकू जाईल अशी.

आम्ही सध्या तेथून पार्सल आणतो. त्यात हवा तितका रस्सा मिळत नाही, माणशी तांबड्याचा एक आणि पांढऱ्याचा एक असे मोजून डबे देतात, आणि जादा डब्याचे पैसे वेगळे पडतात. भाकरी घरी पोहोचेपर्यंत वातड होते, तेव्हा ती घरीच थापलेली बरी. पांढरा रस्सा गरम करताना मंद आचेवर ठेवून सतत ढवळावा आणि उकळी येऊ देऊ नये. नारळाचे दूध फुटले की तो पुन्हा एकजीव होत नाही.